टायरमधील हवेचा दाब डॅशबोर्डवर कसा दिसतो? आकडा, दिवा आणि त्यांचा अर्थ

नवी दिल्ली : हिवाळ्याच्या कडाक्याच्या थंडीत दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि गाझियाबाद परिसरातील अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर सकाळी गाडी सुरू करताच एक पिवळा दिवा उजळतो. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या मधोमध उद्गारचिन्ह, असे त्याचे रूप असते. दहा-पंधरा किलोमीटर अंतर कापल्यानंतर तो बहुधा आपोआप विझतो आणि चालक त्याला विसरून जातो. हा दिवा टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजेच टीपीएमएसचा असतो. तो का लागला आणि का विझला, पडद्यावर दिसणारे ३३ किंवा २९ हे आकडे नेमके कशाचे, ते पेट्रोल पंपावरील मापकाशी का जुळत नाहीत आणि भर उन्हात द्रुतगती मार्गावर ते वाढले तर काय करावे, हे प्रश्न आता मोठ्या संख्येने मोटारचालकांसमोर येत आहेत.

या प्रश्नांचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. अपघातांची कारणे अनेक असतात. मात्र वेगवान मार्गावर टायर फुटणे हे त्यांतील असे कारण आहे की ज्याची पूर्वसूचना बऱ्याचदा मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेल्या एका निकालात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा टायर फुटून झालेल्या अपघातात एका प्रवाशाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याने भरपाईचे दायित्व येत नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. टायर फुटण्यामागे अतिवेग, हवेचा कमी किंवा जास्त दाब, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने नमूद केले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई त्यामुळे कायम राहिली.

दिवा, आकडा आणि आकृती

टीपीएमएसची माहिती चालकापर्यंत तीन प्रकारे पोहोचते. पहिला प्रकार केवळ दिव्याचा. एखाद्या टायरमधील दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की पिवळा दिवा लागतो. मात्र तो टायर कोणता आणि त्यात हवा किती, हे कळत नाही. दुसऱ्या प्रकारात दिव्यासोबत मोटारीची वरून पाहिलेली आकृती दिसते आणि ज्या चाकात हवा कमी आहे ते चाक वेगळ्या रंगात दाखवले जाते. तिसऱ्या प्रकारात चारही चाकांशेजारी दाबाचे आकडे दिसतात. काही मोटारींत टायरमधील हवेचे तापमानही दाखवले जाते. भारतात काही कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आकडे दाखवणाऱ्या यंत्रणेला ‘हायलाइन’ असे संबोधले जाते.

दिव्याचा रंग पिवळा असण्यालाही अर्थ आहे. मोटारींच्या संकेतपद्धतीत लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागी तत्काळ थांबण्याची सूचना आणि पिवळा दिवा म्हणजे लवकरात लवकर लक्ष घालण्याची सूचना, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यामुळे पिवळा दिवा पाहून भरधाव वाहनांच्या मार्गिकेत अचानक गाडी थांबवणे चुकीचे आहे आणि तो दिवस-दिवस तसाच ठेवणेही चुकीचे आहे. वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून टायर तपासणे ही त्यावरील योग्य कृती होय.

आकडा येतो कोठून?

आकडे दाखवणाऱ्या यंत्रणेला प्रत्यक्ष पद्धतीची यंत्रणा म्हणतात. यात प्रत्येक चाकाच्या रिमवर, बहुधा हवा भरण्याच्या व्हॉल्व्हला जोडून, आतल्या बाजूस एक लहान सेन्सर बसवलेला असतो. त्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो आणि त्यामुळे त्याचा विद्युतरोध बदलतो. हा बदल मोजून दाबाचा आकडा काढला जातो. त्याच सेन्सरमध्ये तापमान मोजणारा घटक, चाक फिरते आहे की नाही हे ओळखणारा घटक, लहानसा रेडिओ प्रक्षेपक आणि तीन व्होल्टची लिथियम बॅटरीही असते.

सेन्सर ठरावीक अंतराने रेडिओ संदेश पाठवतो. संदेशात दाब, तापमान, बॅटरीची स्थिती आणि त्या सेन्सरचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. भारतातील आणि युरोपातील मोटारींत यासाठी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची, तर अमेरिकेत मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झची वारंवारता वापरली जाते. परदेशातून मागवलेला सेन्सर दिसायला सारखा असूनही अनेकदा चालत नाही, त्याचे हे एक कारण आहे. मोटारीतील नियंत्रक हा संदेश ग्रहण करतो, ओळखक्रमांकावरून चाक ओळखतो आणि आकडा पडद्यावर पाठवतो.

सेन्सरची बॅटरी बदलता येत नाही. ती आवरणात कायमची बंदिस्त असते. म्हणून ती वाचवण्यासाठी गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ निद्रिस्त राहतो आणि चाके फिरू लागल्यावर जागा होतो. गाडी चालू असताना तो साधारणपणे मिनिटाला एकदा संदेश पाठवतो. दाब झपाट्याने घसरू लागला तर मात्र वाट न पाहता तत्काळ पाठवतो. गाडी सुरू करताच आकड्यांच्या जागी रिकाम्या रेघा दिसणे किंवा गाडी चालवल्यावर आकडे दिसतील अशी सूचना येणे हा त्यामुळे बिघाड नव्हे. काही मोटारी आदल्या प्रवासातील शेवटचा आकडा दाखवतात. अशा मोटारींत सकाळी दिसणारा पहिला आकडा रात्रीचा असू शकतो. एक-दोन किलोमीटर गेल्यानंतरचा आकडाच ग्राह्य धरावा, हे त्यामागील सूत्र आहे.

आकडा न दाखवणारी यंत्रणा

अप्रत्यक्ष पद्धतीत टायरच्या आत कोणताही सेन्सर नसतो. ब्रेक लावताना चाके घसरू नयेत यासाठी असलेल्या एबीएस यंत्रणेचे वेगमापक प्रत्येक चाकाजवळ आधीच असतात. हवा कमी झालेल्या टायरची फिरण्याची त्रिज्या किंचित घटते आणि तेच अंतर कापण्यासाठी ते चाक इतरांपेक्षा थोडे अधिक वेळा फिरते. हा फरक संगणकीय पद्धतीने ओळखून दिवा लावला जातो. काही यंत्रणा चाकाच्या सूक्ष्म कंपनांचाही आधार घेतात.

ही पद्धत स्वस्त आहे आणि तिच्यात बॅटरी संपण्याचा प्रश्न नाही. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. येथे दाब मोजलाच जात नसल्याने आकडा दिसत नाही. चारही टायरमधील हवा सारख्या प्रमाणात कमी झाली तर केवळ चाकांच्या तुलनेवर चालणाऱ्या यंत्रणेला ते समजणे अवघड जाते आणि थंडीत नेमके तसेच घडते. शिवाय हवा भरल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर चालकाने ‘रीसेट’ची आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा म्हणजे आताची स्थिती योग्य आहे असे यंत्रणेला सांगणे होय. हवा न भरताच, केवळ दिवा घालवण्यासाठी रीसेट केले तर कमी दाब हाच योग्य दाब म्हणून नोंदला जातो आणि यंत्रणा निरुपयोगी ठरते.

पीएसआय, बार आणि किलोपास्कल

पडद्यावरील आकडा तीनपैकी एका एककात असतो. भारतात पंपांवर आणि बोलण्यात पीएसआय, म्हणजे प्रति चौरस इंच पौंड, हे एकक रूढ आहे. युरोपीय मोटारींत बार, तर तांत्रिक कागदपत्रांत किलोपास्कल आढळते. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल आणि सुमारे १४.५ पीएसआय. त्यानुसार ३३ पीएसआय म्हणजे अंदाजे २.३ बार किंवा २२८ किलोपास्कल. सेवाकेंद्रातून परतलेल्या गाडीत ३३ ऐवजी २.३ दिसू लागले तर हवा गेलेली नसते, एकक बदललेले असते. पडद्याच्या मांडणीतून ते पूर्ववत करता येते.

योग्य दाब किती, हे टायरच्या बाजूवरील अक्षरांवरून ठरवू नये. तेथे लिहिलेला दाब टायर सोसू शकेल अशा कमाल मर्यादेशी संबंधित असतो. मोटारीसाठी शिफारस केलेला दाब चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. त्यात कमी भार आणि पूर्ण भार यांसाठी अनेकदा वेगवेगळे आकडे असतात. हे आकडे थंड टायरसाठी असतात. गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा जेमतेम दीड किलोमीटर सावकाश चालली असेल, तेव्हाच टायर थंड मानला जातो.

दिल्लीची थंडी आणि पिवळा दिवा

बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. साधारण ३३ पीएसआय हवा असलेल्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने बदलले की दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. मुंबई किंवा गोव्यात वर्षभरातील तापमानाचा फरक मर्यादित असल्याने हे फारसे जाणवत नाही. दिल्लीत मात्र सफदरजंग वेधशाळेने १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश इतके किमान आणि २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश इतके कमाल तापमान नोंदवले होते. या दोन टोकांमध्ये ४५ अंशांहून अधिक अंतर आहे.

ऑक्टोबरमध्ये ३० अंश तापमानात एखाद्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली असे मानू. जानेवारीच्या पहाटे तापमान ५ अंशांवर आले की हवेचा एक कणही बाहेर न जाता हा दाब सुमारे २९ पीएसआय होतो. रबरातून हवा अत्यंत मंद गतीने झिरपतही असते. निर्दोष टायरमध्येही महिन्याला साधारण एक पीएसआय घट होऊ शकते. तीन महिन्यांची ही घट धरली तर दाब २६ पीएसआयच्या आसपास येतो. शिफारशीपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के कमी दाब ही बहुतेक यंत्रणांची इशारा देण्याची मर्यादा असते. ३३ पीएसआयच्या बाबतीत २० टक्क्यांची रेषा २६.४ वर येते. म्हणजेच दिवा अगदी योग्य वेळी लागलेला असतो.

गाडी चालू लागली की टायर गरम होतो, दाब दोन-तीन पीएसआयने वाढतो आणि दिवा विझतो. त्यावरून यंत्रणा सदोष असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात टायरमध्ये हवा कमीच असते. विझलेला दिवा म्हणजे योग्य दाब नव्हे, तो केवळ इशाऱ्याच्या रेषेच्या वर असलेला दाब असतो. २८ पीएसआयवर दिवा शांत राहील, पण तो शिफारशीपेक्षा १५ टक्क्यांनी कमीच असेल. हिवाळ्यात दर पंधरवड्याला थंड टायरमध्ये हवा तपासणे हा यावरील साधा उपाय आहे.

द्रुतगती मार्गावर वाढणारे आकडे

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहनापासून दौसाकडे जाणारा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा मार्गांवर तासन्‌तास एकसारख्या वेगाने गाडी धावते. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय असलेल्या टायरमधील हवा दुपारी धावताना ६० अंशांपर्यंत तापली तर पडद्यावरील आकडा ३८ पीएसआयपर्यंत जातो.

हा आकडा पाहून वाटेत हवा कमी करणे ही सर्वात घातक चूक ठरते. टायरची रचना आणि थंड दाबाची शिफारस ही वाढ गृहीत धरूनच केलेली असते. तापलेल्या टायरमधील हवा सोडून आकडा पुन्हा ३३ वर आणला, तर रात्री टायर थंड झाल्यावर तो २८ ते २९ पीएसआयवर येतो. दुसऱ्या दिवशीचा प्रवास मग कमी हवेवर सुरू होतो.

धोका याच कमी हवेत दडलेला असतो. दाब कमी असला की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेरीत अधिक वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. या सततच्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग, भार आणि बाहेरचे ऊन यांची त्यात भर पडते. अखेर रबर आणि आतील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फाटतो. हवा जास्त झाल्याने टायर फुटतो, हा समज सर्वत्र आढळतो. अतिरिक्त हवा घातक आहेच. मात्र वेगवान मार्गावर कमी हवेमुळे तापून टायर निकामी होण्याचा धोका दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्रात नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर टायर फुटण्याच्या घटनांची मोठी चर्चा झाली आणि परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी हाती घेतली. यमुना द्रुतगती मार्गाप्रमाणेच हा मार्गही काँक्रीटचा आहे. मार्ग कोणताही असो, प्रवास सुरू होण्यापूर्वीचा थंड टायरमधील दाब हाच निर्णायक ठरतो.

पडद्यावरील चार आकड्यांची परस्पर तुलना या प्रवासात अधिक उपयोगी पडते. चारही आकडे सारख्या प्रमाणात वाढत असतील तर ते नैसर्गिक आहे. तीन चाके ३७ वर असताना चौथे ३३ वरच थांबले असेल, तर दिवा लागलेला नसला तरी त्या चाकातून हवा जात असण्याची शक्यता असते. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा हवा एकदम न सोडता हळूहळू सोडतो. तो लवकर लक्षात येण्याचा हा सर्वात सोपा मार्ग आहे. सूर्याच्या बाजूच्या चाकांचा आकडा एक-दोन पीएसआयने अधिक दिसणे मात्र स्वाभाविक असते.

डोंगरात गेल्यावर

दिल्लीहून शिमला, मसुरी किंवा लेहकडे जाणाऱ्यांना आणखी एक फरक अनुभवास येतो. पंपावरील मापक टायरमधील आणि बाहेरील हवेच्या दाबातला फरक दाखवते. टायरमधील सेन्सर मात्र निर्वात पोकळीच्या तुलनेत, म्हणजे निरपेक्ष दाब मोजतो आणि मोटारीतील नियंत्रक त्यातून वातावरणाचा दाब वजा करतो. काही मोटारींत ही वजाबाकी समुद्रसपाटीच्या ठरावीक आकड्याने होते, काहींत प्रत्यक्ष वातावरणीय दाबाने. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील शिमल्यात बाहेरील हवेचा दाब दिल्लीपेक्षा साधारण तीन पीएसआयने, तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये जवळपास पाच पीएसआयने कमी असतो. पहिल्या प्रकारच्या मोटारीत त्यामुळे हातातील मापक आणि पडदा यांत तेवढा फरक दिसू शकतो, आणि तरीही दोन्ही उपकरणे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पंपाचे मापक आणि पडदा

सपाटीवरही दोन्ही आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही. सेन्सरच्या मोजणीत साधारण एक पीएसआयची तफावत संभवते, पडदा अपूर्णांक गाळून पूर्णांक दाखवतो आणि पंपापर्यंत पोहोचेतो टायर तापलेला असतो. पंपावरील यंत्रही सतत हाताळले गेल्याने आणि वेळोवेळी न तपासल्याने चुकू शकते. एक-दोन पीएसआयचा फरक त्यामुळे दुर्लक्षणीय आहे; चार-पाच पीएसआयचा फरक मात्र स्वतःच्या चांगल्या मापकाने पडताळून पाहावा.

सेन्सरचा आकडा पडताळणीशिवाय अंतिम मानू नये, याचा मोठा धडा दिल्लीने हवामानाच्या बाबतीत घेतला आहे. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. भारतीय हवामान विभागाने तपासणी केली, तेव्हा तेथील सेन्सर प्रमाण उपकरणापेक्षा तीन अंश अधिक दाखवत असल्याचे स्पष्ट झाले. टायरच्या सेन्सरलाही हाच न्याय लागू होतो.

लुकलुकणारा दिवा

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांचे अर्थ वेगळे आहेत. दिवा स्थिर असेल तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेतच आहे. म्हणजे हवा कमी झाली तरी इशारा मिळण्याची खात्री नाही. ही पद्धत अमेरिकी नियमांतून रूढ झाली असून अनेक कंपन्या ती पाळतात.

अशा बिघाडाची कारणे ठरलेली असतात. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षांत संपते आणि मग पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. पंक्चर काढताना किंवा टायर बदलताना लोखंडी पट्टीचा घाव व्हॉल्व्हजवळ बसला तर सेन्सर तुटतो. म्हणून टायर उतरवण्यापूर्वी आत सेन्सर असल्याचे कारागिराला सांगणे आवश्यक असते. आणीबाणीत टायरमध्ये सोडलेले चिकट द्रव्य सेन्सरचे छिद्र बुजवू शकते. स्टेपनीत सेन्सर नसेल तर ती बसवल्यावर त्या चाकाचा आकडा नाहीसा होतो आणि बिघाडाचा दिवा लागतो.

टायरची झीज सारखी व्हावी म्हणून चाकांची अदलाबदल केल्यानंतर आणखी एक अडचण येते. काही मोटारी सेन्सरचे नवे स्थान आपोआप ओळखतात, काहींत ते सेवाकेंद्रात नोंदवावे लागते. ते राहून गेले तर पुढच्या डाव्या चाकाचा म्हणून दिसणारा आकडा प्रत्यक्षात मागच्या चाकाचा असतो आणि चालक भरलेल्या टायरमध्येच पुन्हा हवा भरतो. एका टायरमधील हवा दोन-तीन पीएसआयने बदलून, थोडी गाडी चालवून पडद्यावर नेमका कोणता आकडा बदलतो हे पाहिले की ही चूक सहज सापडते.

जुन्या मोटारींसाठी

मूळ यंत्रणा नसलेल्या मोटारींसाठी दिल्लीतील काश्मिरी गेट, करोल बाग यांसारख्या बाजारांत आणि ऑनलाइनही स्वतंत्र संच मिळतात. त्यांतील बाह्य सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवले जातात आणि आकडे डॅशबोर्डवरील सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या पडद्यावर किंवा मोबाइलवर दिसतात. ते बसवणे सोपे असते आणि त्यांची बॅटरी बदलता येते. मात्र ते चोरीला जाऊ शकतात, नीट न बसल्यास व्हॉल्व्हमधूनच हवा झिरपते आणि बाहेर असल्याने ते टायरमधील हवेचे खरे तापमान दाखवू शकत नाहीत. इशाऱ्याची मर्यादाही अशा संचात स्वतः ठरवावी लागते. ती कारखान्यातून आली तशीच ठेवल्यास दिवा फार उशिरा किंवा विनाकारण लागतो.

नियम काय सांगतात?

टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा असलेली पहिली प्रवासी मोटार म्हणून १९८६ च्या पोर्शे ९५९ चा उल्लेख होतो. ही सोय मोजक्या महागड्या मोटारींपुरती राहिली असती. पण २००० मध्ये अमेरिकेत सदोष टायरमुळे झालेल्या अपघातांनी चित्र पालटले. फायरस्टोन कंपनीने त्या वर्षी सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. या अपघातांशी अडीचशेहून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला गेला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत ही यंत्रणा बंधनकारक झाली. तेथे शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी दाबावर इशारा मिळणे आवश्यक आहे. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ती सक्तीची केली.

भारतात ही यंत्रणा सरसकट बंधनकारक करण्याऐवजी, बसवली असेल तर ती कोणत्या मानकाची असावी हे ठरवण्यात आले. ते मानक एआयएस-१५४ या नावाने ओळखले जाते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ३.५ टनांपर्यंतच्या वाहनांसाठी या यंत्रणेचे निकष अधिसूचित झाले. ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्ती संच आणि टीपीएमएस असलेल्या मोटारींना स्टेपनीच्या अटीतून सूट देण्यात आली. वाचलेल्या जागेचा उपयोग विद्युत मोटारींमध्ये मोठी बॅटरी बसवण्यासाठी होऊ शकेल, असे मंत्रालयाने तेव्हा स्पष्ट केले होते. पुण्यातील एआरएआय आणि दिल्लीलगत मानेसर येथील आयकॅट या वाहनांच्या चाचणी व प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या देशातील प्रमुख संस्था आहेत.

या सवलतीमुळे पडद्यावरील आकड्याची जबाबदारी वाढली आहे. स्टेपनी असलेल्या गाडीत दुर्लक्षित दिव्याची किंमत अर्ध्या तासाचा खोळंबा इतकी असू शकते. स्टेपनी नसलेल्या गाडीत बाजूची भिंत फाटलेला टायर दुरुस्ती संचाने सांधता येत नाही आणि प्रवास तेथेच थांबतो. विद्युत मोटारी त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारींपेक्षा वजनदार असल्याने त्यांच्या टायरवरील भारही अधिक असतो.

लक्षात ठेवण्यासारखे

दाब नेहमी थंड टायरमध्ये तपासावा आणि दारावरील पट्टीप्रमाणे भरावा. पूर्ण भाराचा लांब प्रवास असेल तर पूर्ण भारासाठीचा आकडा घ्यावा. धावताना चार-पाच पीएसआयची वाढ दिसली तरी हवा सोडू नये. एकाच चाकाचा आकडा इतरांपासून दूर जाऊ लागला तर दिव्याची वाट न पाहता थांबून टायर पाहावा. दाब झपाट्याने घसरत असेल तर स्टिअरिंग घट्ट धरून, एकदम ब्रेक न लावता वेग उतरवावा आणि डाव्या बाजूस सुरक्षित जागी थांबावे. लुकलुकणारा दिवा दुरुस्त करून घ्यावा. स्टेपनीतील हवा महिन्यातून एकदा हाताने तपासावी, कारण बहुतेक मोटारींत तिचा आकडा पडद्यावर येत नाही.

टीपीएमएस टायरची झीज, त्यावरील भेगा, बाजूच्या भिंतीवरील फुगवटा किंवा टायरचे वय यांपैकी काहीही दाखवत नाही. ती केवळ हवेचा दाब सांगते. उरलेली तपासणी आजही चाकाशेजारी वाकून, डोळ्यांनीच करावी लागते.